वसईचा गोन्सालो आणि नागासाकीची गुप्त मंडळी

वसईच्या किल्ल्याचे नाव निघाले की आपल्याला प्रथम आठवतो तो १७३९ चा वेढा आणि चिमाजी अप्पांचा विजय. ते स्वाभाविकच आहे. परंतु त्या विजयापूर्वी जवळजवळ दोनशे वर्षे वसई पोर्तुगिजांच्या ताब्यात होती, आणि त्या दोनशे वर्षांत तेथे जन्मलेली माणसे कोठे कोठे जाऊन पोहोचली ह्याचा हिशेब आपण सहसा मांडत नाही. अशांपैकी एक गोन्सालो गार्सिया. बाप पोर्तुगीज, आई इकडची; जन्म १५५६-५७ च्या सुमाराचा. आज वसईत त्याच्या नावाचे महाविद्यालय आहे, त्याच्या नावाचे चर्चही आहे. पण वसईबाहेरच्या मराठी माणसाला विचारले तर हा गृहस्थ कोण आणि तो जपानातल्या एका टेकडीवर क्रूसावर कसा मेला, हे सांगणारा विरळाच भेटेल.

त्याची हकीकत थोडक्यात सांगून आम्हाला पुढे जावयाचे आहे. कारण गोन्सालोचा मृत्यू ही ह्या कथेची केवळ सुरुवात आहे. तिचा खरा विस्तार पुढच्या पावणेतीनशे वर्षांत आणि अगदी सामान्य शेतकरी-कोळ्यांच्या घरांत झाला. आपल्या श्रद्धेला सगळे राज्य विरोध करीत असताना माणूस तिच्यावर ठाम राहतो म्हणजे नेमके काय करतो, हा प्रश्न तेथे इतक्या निरनिराळ्या रूपांनी उभा राहिला, की त्याचे एकच एक सोपे उत्तर देणे आम्हाला तरी शक्य वाटत नाही.

पंधरा-सोळा वर्षांचा गोन्सालो एका जेझुइट पाद्र्याबरोबर जपानला गेला. ख्रिस्ती धर्म तेथे पोहोचून तेव्हा वीस-बावीस वर्षेच झाली होती. फ्रान्सिस झेवियर १५४९ च्या १५ ऑगस्टला कागोशिमाच्या बंदरात उतरला, तेव्हा त्याच्याबरोबर आंजिरो नावाचा एक जपानी होता आणि त्याचा बाप्तिस्मा १५४८ साली आपल्या गोव्यात झाला होता. गोन्सालोने जपानी भाषा उत्तम आत्मसात केली, धर्मशिक्षकाचे काम केले. परंतु जेझुइट संघात घेतले जावे ही त्याची इच्छा काही पुरी झाली नाही. तेव्हा त्याने मकावला राहून व्यापार केला, पैसा मिळवला, आणि अखेर मनिलाला जाऊन तो फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू म्हणून दाखल झाला. १५९३ साली पेद्रो बाउतिस्ता हा फ्रान्सिस्कन पाद्री फिलिपाइन्सच्या गव्हर्नराचा वकील म्हणून जपानचा सर्वसत्ताधीश हिदेयोशी याच्या भेटीस गेला, त्या वेळी त्याचा दुभाषी होता हा वसईकर.

हिदेयोशीने १५८७ मध्येच पाद्र्यांना देश सोडण्याचा हुकूम दिला होता. पण पोर्तुगीज व्यापार हवा असल्यामुळे तो हुकूम कागदावरच राहिला होता. १५९६ मध्ये सान फेलिपे नावाचे एक स्पॅनिश गलबत वादळात सापडून शिकोकू बेटाच्या किनाऱ्याला लागले. त्यावरचा माल जप्त झाला, तंटा वाढला, आणि स्पेनचा राजा आधी पाद्री पाठवतो व मागाहून फौज पाठवतो, असे काहीतरी त्या गलबताचा सुकाणू-अधिकारी बोलून गेला, अशी वार्ता हिदेयोशीच्या कानावर गेली. तो अधिकारी खरेच तसे बोलला की नाही ह्यावर इतिहासकारांत वाद आहे. आमच्या मते तो बोलला नसता तरी हिदेयोशीला शंका यावयाची ती आलीच असती, कारण त्या काळी आशियाच्या किनाऱ्यावर काय चालले आहे हे त्याला दिसत होते.

क्योतो आणि ओसाका येथून चोवीस जणांना पकडण्यात आले. त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांना गावोगाव मिरवले आणि ऐन हिवाळ्यात सुमारे महिनाभर चालवीत नागासाकीला नेले. वाटेत आणखी दोघांची भर पडून संख्या सव्वीस झाली. ह्यांत परदेशी होते फक्त सहा: चार स्पॅनिश, एक मेक्सिकोचा आणि एक आमचा गोन्सालो. बाकीचे वीस जण जपानी. त्यांत पॉल मिकी हा सामुराई घराण्यातला जेझुइट होता, आणि बारा, तेरा, चौदा वर्षांची तीन मुलेही होती. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर एका ओळीत सव्वीस क्रूस उभे केले गेले आणि दोन्ही बाजूंनी भाले खुपसून त्यांना मारण्यात आले. पॉल मिकीने क्रूसावरून जमावाला उद्देशून भाषण केले आणि मारेकऱ्यांना क्षमा केली. १८६२ साली पोपने ह्या सव्वीस जणांना संतपद दिले.

येथवर ही हुतात्म्यांची कथा आहे, आणि हुतात्म्यांच्या कथा ऐकताना आपले मन एका परिचित वाटेने जाते. मान ताठ, भाला छातीत, नाव अमर. पुढे मात्र ती वाट वाकडी होते.

हिदेयोशी १५९८ मध्ये वारला आणि काही वर्षांत सत्ता तोकुगावा घराण्याकडे गेली. जपानात त्या वेळी तीन लाखांच्या आसपास ख्रिस्ती असावेत असा अंदाज आहे. १६१४ मध्ये तोकुगावांनी धर्मावर सरसकट बंदी घातली. पाद्री हाकलले, चर्चे पाडली. १६२२ मध्ये त्याच नागासाकीच्या टेकडीवर एका दिवसात पंचावन्न जणांना जाळून व शिरच्छेद करून मारले. परंतु सरकारच्या एक गोष्ट लवकरच ध्यानात आली, की असे मारलेले लोक इतरांच्या मनात मोठे होतात. जमाव तमाशा बघावयास येतो आणि गुडघे टेकून परत जातो. तेव्हा धोरण बदलले. मारण्यापेक्षा धर्म सोडावयास लावणे अधिक उपयोगी, आणि त्यातही पुढाऱ्यांना. त्यासाठी नवे उपाय निघाले. माणसाला दोरांनी आवळून खड्ड्यात उलटे टांगावयाचे, आणि रक्त डोक्यात उतरून लगेच मृत्यू येऊ नये म्हणून कपाळावर किंवा कानामागे बारीक चीर द्यावयाची. एक हात मोकळा. धर्म सोडला अशी खूण त्या हाताने केली की सुटका.

ऑक्टोबर १६३३ मध्ये नागासाकीत ह्या खड्ड्यावर ज्यांना टांगले त्यांत दोन नावे शेजारी शेजारी येतात. एक क्रिस्तोव्हाव फरेरा, जेझुइटांचा जपानातील प्रमुख, वीसहून अधिक वर्षे तेथे काम केलेला, दुसऱ्यांच्या हौतात्म्याचे वृत्तान्त लिहून युरोपला पाठवणारा. दुसरा ज्युलियन नाकाउरा. १५८२ साली जी चार जपानी मुले पोपच्या भेटीला पाठवण्यात आली होती, त्यांतला हा एक. ही मुले येताजाता आपल्या गोव्यात मुक्कामाला होती. परतीच्या वाटेवर १५८७ मध्ये त्यांतल्या हारा मार्तिन्योने गोव्यात केलेले लॅटिन भाषण पुढच्या वर्षी तेथेच छापलेही गेले. तेव्हा कोवळे असलेले नाकाउरा आता साठी ओलांडलेले, पाय अधू झालेले धर्मगुरू होते. फरेराने काही तासांत हात हलवला. नाकाउरांनी हलवला नाही. ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी गेले. फरेरा पुढे जपानी नाव घेऊन राहिला, सरकारसाठी दुभाष्याचे काम करू लागला आणि आपल्या जुन्या धर्माविरुद्ध त्याच्या नावाने पुस्तकही निघाले. शुसाकु एन्दो ह्या जपानी कादंबरीकाराने १९६६ मध्ये लिहिलेली प्रसिद्ध कादंबरी ह्या फरेराच्या सावलीत उभी आहे. आणि नाकाउरांबरोबर युरोपला गेलेल्या चार मुलांतला चिजिवा मिगुएल? त्याने कोणी टांगण्यापूर्वीच, १६०१ च्या सुमारास, संघ सोडला होता. एका गलबतात बसलेल्या मुलांची ही गत.

आम्ही फरेराला नावे ठेवावयास तयार नाही. खड्ड्यात उलटे टांगून घेतल्याशिवाय तो अधिकार कोणाला पोहोचतो असे आम्हाला वाटत नाही.

१६३७ च्या अखेरीस शिमाबारा आणि आमाकुसा येथील शेतकऱ्यांनी बंड केले. ते केवळ धर्माचे बंड होते असे सांगणे चुकीचे होईल. तेथील जहागीरदार मात्सुकुरा याने शेतसाऱ्यासाठी रयतेचा असह्य छळ मांडला होता. धर्माचा छळ होताच, त्यात उपासमारीची भर पडली. सोळा वर्षांच्या आसपासच्या आमाकुसा शिरो ह्या पोराला पुढारी करून हजारो स्त्रीपुरुष हारा नावाच्या पडक्या किल्ल्यात शिरले. १६३८ च्या वसंतात किल्ला पडला आणि आतली बहुतेक सर्व माणसे कापली गेली. आकडा तीस हजारांवरचा सांगतात. सरकारच्या मदतीला डच गलबत येऊन त्याने किल्ल्यावर तोफा डागल्या, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. प्रॉटेस्टंट डचांनी कॅथलिक शेतकऱ्यांवर तोफा चालवल्या आणि त्याचे फळ म्हणून पुढे दोनशे वर्षे जपानचा युरोपीय व्यापार एकट्या डचांकडे राहिला. न्यायासाठी हेही सांगितले पाहिजे की बंड मोडल्यावर सरकारने त्या मात्सुकुराचाही शिरच्छेद केला. १६३९ मध्ये पोर्तुगीज हाकलले गेले. १६४४ मध्ये देशातला शेवटचा धर्मगुरू, कोनिशी मान्शो, मारला गेला. आता चर्च नाही, पाद्री नाही, ग्रंथ नाहीत, बाहेरून कोणी येण्याची आशा नाही.

राहिली ती माणसे. नागासाकीजवळचे उराकामी, सोतोमेचा डोंगराळ किनारा, इकित्सुकी बेट, आमाकुसाची कोळीवाड्यासारखी गावे. पुढे १७९७ पासून सोतोमेकडून हजारो कुटुंबीजन गोतो बेटांवर वसावयास गेले, तीही.

ह्यांच्यावर पाळत ठेवण्याची यंत्रणा मोठी पद्धतशीर होती. प्रत्येक कुटुंबाने कोणत्यातरी बौद्ध मंदिराच्या वहीत नाव नोंदवलेच पाहिजे. पाच-पाच घरांचा गट करून एकाच्या अपराधाला पाचही घरे जबाबदार. पाद्र्याची खबर देणाराला चांदीची बक्षिसे, आणि त्या बक्षिसांच्या पाट्या चव्हाट्यावर लावलेल्या. ह्या सर्वांवर कळस म्हणजे फुमि-ए. ह्या शब्दाचा अर्थ तुडवावयाचे चित्र. १६२० नंतरच्या दशकात नागासाकीत सुरू झालेली ही रीत पुढे वार्षिक होऊन बसली. वर्षाच्या आरंभी अधिकारी येत, जमिनीवर ख्रिस्ताची किंवा मारियेची प्रतिमा ठेवीत, आणि गावातल्या प्रत्येकाने तिच्यावर पाय देऊन पुढे जावयाचे. आजाऱ्यालाही सुटका नाही. तान्ह्या मुलाचा पाय धरून तो प्रतिमेला टेकवीत. आरंभी कागदी, मग लाकडात बसवलेल्या प्रतिमा होत्या. त्या झिजून फुटू लागल्या म्हणून १६६९ मध्ये पितळेच्या वीस नव्या ओतवून घेतल्या. त्यांतल्या ज्या आज उरल्या आहेत, त्यांवरील चेहरे पायांनी गुळगुळीत झालेले आहेत.

त्या वर्षानुवर्षांच्या पायांत उराकामीच्या गुप्त ख्रिस्त्यांचेही पाय होते, हे येथे स्पष्ट सांगावयास हवे. त्यांनी प्रतिमा तुडवली. दर वर्षी तुडवली. बापाने तुडवली, मुलाने तुडवली, नातवाने तुडवली. ज्यांनी नकार दिला ते मेले आणि त्यांची घराणी संपली. जे उरले ते तुडवणारांचेच वंशज.

मग घरी येऊन ते काय करीत? एक प्रार्थना म्हणत. तिला ते कोन्चिरिसान म्हणत. पश्चात्तापासाठी पोर्तुगिजांकडून घेतलेला हा शब्द. १६०३ साली बिशप सेर्केरा याने एक लहानसे पुस्तक जपानीत प्रसिद्ध केले होते. जेथे पापकबुली ऐकावयास धर्मगुरू मिळत नाही तेथे अंतःकरणापासून केलेला पूर्ण पश्चात्ताप पुरेसा आहे, असे त्यात समजावून दिले होते. पुढे काय होणार हे जणू त्याला दिसत होते! छापील पुस्तक नाहीसे झाले. पण ह्या खेड्यांतून त्याच्या हस्तलिखित प्रती पिढ्यानुपिढ्या उतरवल्या जात राहिल्या. दिवसा तुडवावे, रात्री रडावे, असा हा क्रम दोन शतके चालला.

ह्याला श्रद्धेवर ठाम राहणे म्हणावे काय? काटेकोर धर्मशास्त्री नाही म्हणेल. निशिझाकाच्या टेकडीवर बारा वर्षांचा मुलगा जे करू शकला ते ह्यांना करता आले नाही, असे म्हणणे सोपे आहे. परंतु त्या सव्वीस जणांना एकदा मरावयाचे होते, आणि ह्या लोकांना मुले वाढवावयाची होती. दर वर्षी पायाखाली काय आहे हे पूर्ण जाणून पाय उचलणे, आणि तरीही त्या लहान मुलाला रात्री ती प्रार्थना शिकवणे, म्हणजे आपण केलेल्या गोष्टीला चांगले म्हणण्याचा मोह टाळणे. तुडवण्यात काही विशेष नाही, मनात असले म्हणजे झाले, असे म्हणून त्यांनी मोकळे व्हावयाचे ठरवले असते तर दोन पिढ्यांत सर्व विसरले गेले असते. ते पाप आहे हे त्यांनी विसरू दिले नाही. आम्हाला ह्यात एक प्रकारचा कठोर प्रामाणिकपणा दिसतो.

त्यांनी आपली व्यवस्थाही निर्माण केली होती. गावाचा एक पंचांगकर्ता असे. सणवार, उपासाचे दिवस, रविवार तो मोजून ठेवी आणि निरोप्यांकडून घरोघर कळवी. त्यासाठी त्यांच्यापाशी बास्तियान नावाच्या जपानी धर्मशिक्षकाकडून आलेले कॅलेंडर होते, आणि सात पिढ्यांनंतर काळ्या गलबतातून पापकबुली ऐकणारे येतील, असे तोच सांगून गेला, अशी परंपरा होती. बाप्तिस्मा देणारा एक वेगळा माणूस असे. त्याला पाणीवाला म्हणत. घरात शुभ्र चिनी मातीची कान्नोन, म्हणजे करुणेची बौद्ध देवता, बसवलेली असे. तपासणीला आलेल्याला ती कान्नोन दिसे; घरच्यांना ती मारिया. आमाकुसातल्या साकित्सूच्या कोळ्यांना एका शिंपल्याच्या आतल्या रंगांत मारियेची आकृती दिसली आणि त्यांनी तो शिंपला जपला. कोणी मेले की बौद्ध भिक्षू येऊन सूत्रपाठ करी, कारण ते सक्तीचे होते. त्याच वेळी शेजारच्या घरात बसून आपली माणसे ते सूत्र निष्प्रभ व्हावे म्हणून दुसरी प्रार्थना पुटपुटत.

ह्या ठिकाणी आम्हाला गोव्याची आठवण दिल्यावाचून राहवत नाही. ज्या काळात हे चालले होते, त्याच काळात गोव्यात इन्क्विझिशन होते. १५६० मध्ये ते सुरू झाले आणि मधली काही वर्षे वगळता १८१२ पर्यंत चालले. आणि ते यावे म्हणून पोर्तुगालच्या राजाला १५४६ मध्ये पत्र लिहिणारा दुसरा कोणी नसून तोच फ्रान्सिस झेवियर होता. घरात तुळस ठेवली, जुन्या रीतीने लग्न लावले, ह्या संशयावरून गोव्यातली माणसे जाब द्यावयास उभी राहत होती. मंगेशी कुठ्ठाळीहून प्रियोळला गेली, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला गेली, ती अशाच दिवसांत, नदी ओलांडून. गोव्यात ज्या संस्थेच्या हाती काठी होती, तिचीच लेकरे जपानात काठी खात होती. आम्ही हे कोणाचे उणे काढण्यासाठी सांगत नाही. उराकामीच्या म्हातारीला आणि केळशीच्या पुजाऱ्याला एकमेकांची भाषा कळली नसती, पण देव लपवण्याची अडचण मात्र दोघांनाही सारखीच ठाऊक होती.

सरकारला हे काहीच कळत नव्हते काय? १८०५ मध्ये आमाकुसात एक विलक्षण प्रकार घडला. चार गावांत मिळून पाच हजारांहून अधिक माणसे संशयित पूजा करताना सापडली. पाच हजार! कायद्याप्रमाणे ह्या सर्वांना देहदंड. अधिकाऱ्यांनी बरीच चौकशी केली आणि निष्कर्ष काढला, की हे लोक ख्रिस्ती नव्हेत. अडाणीपणाने वाडवडिलांची काही चुकीची रीत पाळत आले आहेत इतकेच. मग शपथ घेववून, प्रतिमा तुडवून घेऊन सर्वांना सोडून दिले. त्या अधिकाऱ्यांना सत्य कळले नसेल असे आम्हाला वाटत नाही. पाच हजार शेतकरी मारले तर सारा कोण भरणार, आणि दीडशे वर्षे आपण काय पाळत ठेवली ह्याचे उत्तर वरिष्ठांना काय द्यावयाचे? डोळे मिटणे दोन्ही पक्षांना सोयीचे होते. सत्ता कितीही कडक असली तरी तिच्या खालच्या पायरीवर एक कारकून बसलेला असतो, आणि त्याला आपली नोकरी सांभाळावयाची असते.

१८५३ मध्ये अमेरिकन गलबते आली, जपानचे दरवाजे उघडले. १८५८ च्या करारांनी परदेशीयांना आपापल्या वस्तीत प्रार्थनामंदिर बांधण्याची मुभा मिळाली, आणि नागासाकीतला फुमि-एचा प्रकारही ह्याच सुमारास बंद पडला. जपानी माणसाला ख्रिस्ती होण्याची बंदी मात्र कायमच होती. फ्रेंच पाद्र्यांनी नागासाकीच्या ओउरा भागात चर्च बांधले आणि ते त्या सव्वीस हुतात्म्यांच्या नावाने अर्पण केले. म्हणजे आपल्या गोन्सालोच्याही. लोक ते फ्रेंचांचे देऊळ बघावयास येत. १७ मार्च १८६५ रोजी दुपारी उराकामीहून पंधरा-एक माणसे अशीच आली. पाद्री पेतिज्याँ वेदीपुढे प्रार्थनेला बसले असता त्यांतली एक बाई त्यांच्याजवळ सरकली आणि हलक्या आवाजात म्हणाली, की आमचे आणि तुमचे हृदय एकच आहे. मग तिने विचारले, सांता मारियाची मूर्ती कोठे आहे?

पेतिज्याँनी त्यांना मारियेच्या मूर्तीपुढे नेले. पुढच्या दिवसांत ह्या लोकांनी पाद्र्यांची परीक्षाच घेतली. तुम्ही अविवाहित आहात ना, रोमच्या मोठ्या गुरूला मानता ना, आत्ता दुःखाचा उपासकाळ चालू आहे हे ठाऊक आहे ना? दोनशेहून अधिक वर्षे एकही धर्मगुरू न पाहिलेल्या शेतकऱ्यांनी पाद्र्याला पारखून घेतले, हा प्रसंग आम्हाला फार मनोज्ञ वाटतो.

ह्यानंतर सर्व सुखाचे झाले असते तर ही कथा येथेच संपली असती. पण आपले पाद्री आले म्हणताच उराकामीच्या लोकांना आता लपावेसे वाटेना. १८६७ च्या वसंतात एका घरी मृत्यू झाला, आणि त्यांनी मंदिराच्या भिक्षूला न बोलावताच दफन केले. वर, आम्हाला मंदिर नको, असे पाटलाकडे जाऊन उघड सांगितले. जुलैमध्ये एका मध्यरात्री पावसात गावावर धाड पडली आणि अडुसष्ट जणांना बांधून नेले. छळ सुरू झाला. आणि काय झाले? एकाशिवाय बहुतेक सर्वांनी धर्म सोडत असल्याचे लिहून दिले. तो एक म्हणजे ताकागी सेनएमोन. साधा शेतकरी. ह्याला काही केल्या होकार देता येईना.

आता ह्या घटनेचा पुढचा भाग आम्हाला सेनएमोनच्या धैर्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. सुटून घरी आलेल्यांना चैन पडेना. ते पाटलाच्या घरी परत गेले आणि म्हणाले, आम्ही जे लिहून दिले ते मागे घेतो. अंगावरचे वळ ओले असताना, पुन्हा तेच वाट्याला येणार हे माहीत असताना, पायांनी चालत जाऊन शब्द परत मागणे ही गोष्ट लहान नव्हे. पहिल्यांदा ठाम राहणाराला निदान आपण मोडू की नाही हे ठाऊक नसते. ह्यांना आपण एकदा मोडलो आहोत हे पुरते ठाऊक होते.

१८६८ मध्ये राज्यक्रांती झाली, तोकुगावा गेले, सम्राटाचे नवे सरकार आले. नवे सरकार सुधारणावादी म्हणून प्रसिद्ध आहे. पण ह्या बाबतीत त्याने जुनी पाटी उतरवून तशीच नवी लावली. प्रथम ११४ पुढारी हद्दपार झाले, आणि १८७० च्या आरंभी जवळजवळ सगळे गाव: तेहेतीसशेहून अधिक माणसे वीसेक संस्थानांत वाटून टाकली. त्सुवानो ह्या डोंगरी गावात सेनएमोनसह पहिली तुकडी नेली होती. तेथे आधी शिंतो पंडितांनी त्यांच्याशी वाद घातला, चांगले जेवू घातले. उपयोग होईना तेव्हा जेवण तोडले, उभे राहता येणार नाही अशा लाकडी पिंजऱ्यात कोंडले, हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यात ढकलले. सर्व ठिकाणी मिळून सहाशेहून अधिक माणसे हद्दपारीत मेली. हजाराच्या आसपास लोकांनी धर्म सोडल्याचे कबूल केले. त्यांतले पुष्कळ पुढे पुन्हा परतले. ह्या सर्व हालांना उराकामीची माणसे एकच साधा शब्द वापरीत: प्रवास.

ही बातमी युरोप-अमेरिकेत पोहोचली. १८७१ मध्ये करारांच्या दुरुस्तीसाठी निघालेले इवाकुरांचे शिष्टमंडळ जेथे जाई तेथे त्याला ह्या छळाविषयी प्रश्न विचारले जात. अखेर २४ फेब्रुवारी १८७३ रोजी बंदीच्या पाट्या चव्हाट्यावरून उतरवण्यात आल्या. बंदी उठली असे त्या आज्ञेत म्हटलेले नव्हते. पाट्यांचा मजकूर सर्वांना पाठ झाला आहे, सबब पाट्या काढाव्या, असे कारण दिले होते. कारकुनी भाषेचा हा नमुना कोणत्याही देशात शोभला असता. धर्मस्वातंत्र्याचे कलम यावयास १८८९ ची राज्यघटना उजाडावी लागली.

गुप्त मंडळीपैकी सर्वच लोक मात्र पाद्र्यांकडे गेले नाहीत. इकित्सुकी बेटावरचे आणि सोतोमे-गोतोचे पुष्कळजण आपल्या जुन्या रीतीवरच राहिले. पाद्री म्हणत, आता कपाटातले देव बाहेर काढा, प्रार्थना शुद्ध करा. ह्यांना वाटे, आजोबांनी जीव धोक्यात घालून जे जसे दिले ते तसेच ठेवावे. त्यांच्या प्रार्थनांना ओराशो म्हणतात. लॅटिन ओरातिओचे ते रूप. शब्द इतके झिजले होते की म्हणणाराला अर्थ लागत नसे. ग्लोरिओसाचे गुरुयोझा झाले होते. मिनागावा तात्सुओ ह्या संगीत-अभ्यासकाने ह्या गाण्याचे मूळ सोळाव्या शतकातल्या स्पेनमधील एका स्तोत्राशी जुळवून दाखवले. ते स्तोत्र स्पेनमध्येही लोप पावले होते. आता ह्या जुन्या मंडळीतली माणसे अगदी थोडी उरली आहेत. रोमच्या दृष्टीने ते चुकले असतील. पण चार बाजूंनी विरोध असताना त्यांनी जे सोडले नाही, ते पाचव्या बाजूने प्रेमाने सोडा म्हटल्यावरही त्यांनी सोडले नाही, हे सुसंगतच म्हणावे लागेल.

हद्दपारीतून उराकामीला परतलेल्यांची घरे पडली होती, शेते उजाड होती. सेनएमोनही परतला होता. १८८० मध्ये ह्या लोकांनी वर्गणी जमवून गावच्या पाटलाचे घर विकत घेतले. ज्या घरी त्यांच्या बापजाद्यांनी दर वर्षी प्रतिमा तुडवली होती, तेच हे घर. तेथे त्यांनी प्रार्थना सुरू केली आणि १८९५ पासून त्याच जागेवर विटांचे मोठे चर्च बांधावयास घेतले. पैसे संपत, काम थांबे. पुन्हा वर्गणी होई. १९१४ मध्ये ते पुरे झाले, मनोरे १९२५ मध्ये चढले. ९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी ख्रिस्ती अमेरिकेच्या विमानातून पडलेला बाँब ह्या चर्चपासून सुमारे पाचशे मीटरवर फुटला. आत मारियेच्या सणाआधीची पापकबुली चालू होती. उराकामीच्या बारा हजार श्रद्धावंतांपैकी साडेआठ हजार त्या बाँबने नेले. लाकडी मारियेचे जळके, डोळ्यांच्या खोबणी रिकाम्या झालेले मस्तक ढिगाऱ्यात सापडले. १९५९ मध्ये त्याच जागी नवे चर्च उभे राहिले, आणि ते मस्तक आज तेथे ठेवलेले आहे.